सीमा कशी बंद करावी, आणि तरी मजूर कमी पडू नयेत

लागणारे साहित्य: अमेरिका-मेक्सिको सीमा (सुमारे ३,१४५ किलोमीटर), काँक्रीट भरलेले पोलादी खांब, अब्जावधी डॉलर आणि जवळ आलेली निवडणूक. निवडणूक नसेल तर बाकीचे साहित्य आणूच नये.

१. आधी कारणे तयार ठेवा. याला काही दशके लागतात. १९५४ साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचे निवडून आलेले सरकार सीआयए या आपल्या गुप्तचर संस्थेकरवी उलथवा. भूमिहीनांना जमिनी वाटणेही आपोआप थांबते. मग १ जानेवारी १९९४ पासून नाफ्टा (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार) लागू करून मेक्सिकोतल्या अल्पभूधारकासमोर अमेरिकेचा अनुदानित मका उतरवा. मक्याला व्हिसा लागत नाही. शेती परवडेनाशी झालेला शेतकरी काही वर्षांत उलट वाटेने निघेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात सीमेलगतच्या सॅन डिएगो शहराजवळ ‘ऑपरेशन गेटकीपर’ ही कडक पहाऱ्याची मोहीम सुरू करा, म्हणजे तो शहराकडून न येता वाळवंटातून येईल.

इथे हमखास बिघडते ते असे: पूर्वी हंगाम संपला की मजूर घरी परतायचे. ये-जा जिवावर बेतू लागली, तसे ते तिथेच राहिले आणि बायकामुलांनाही बोलावून घेतले.

२. भिंत बांधा. उंची ९ मीटरपर्यंत, दोन खांबांत साधारण १० सेंटीमीटर फट. खांब बाजारात मिळणाऱ्या बॅटरीच्या करवतीने कापले जातात, आणि शिडी भिंतीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. ॲरिझोनात पावसाळ्यात पुराच्या लोंढ्याने भिंत वाहून जाऊ नये म्हणून तिची दारे उघडी ठेवावी लागतात. टेक्सासात सीमेवरच्या नदीच्या पूरपट्ट्यामुळे ती बरीच आत सरकवावी लागते; काही अमेरिकी शेतकऱ्यांची शेते त्यामुळे पलीकडे जातात, त्यांना फाटक उघडण्याचा सांकेतिक क्रमांक द्यावा. जे रीतसर विमानाने येतात आणि व्हिसा संपल्यावर राहून जातात, त्यांना ही भिंत दिसतही नाही.

३. पकडलेल्यांना लष्करी विमानाने परत पाठवा. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला असे १०४ भारतीय उतरवले, त्यांत महाराष्ट्राचेही होते; वाटेत अनेकांना बेड्या होत्या. भाड्याच्या विमानापेक्षा हे महाग, पण छायाचित्र चांगले येते.

४. मालकाला मात्र हात लावू नका. सगळी कृती इथेच टिकते किंवा फसते. १९८६ च्या कायद्यानुसार बिनकागदाच्या माणसाला ‘जाणूनबुजून’ कामावर ठेवणे बेकायदा आहे. कागद वरवर खरे वाटले की मालक सुटतो. मध्ये एक मुकादम ठेवला तर तेवढेही पाहावे लागत नाही. खोट्या सामाजिक सुरक्षा क्रमांकावरच्या पगारातून निवृत्तिवेतनाची वर्गणी नियमित कापा. ती परत मागायला कोणी येत नाही.

शेतमजुरांसाठी एच-२ए व्हिसा आहे, त्याला संख्येची मर्यादाही नाही. पण त्यात मालकाला राहण्याची सोय आणि प्रवासखर्च द्यावा लागतो, म्हणून बिनकागदाचा माणूस स्वस्त. शिवाय हा व्हिसा हंगामी कामापुरताच. विस्कॉन्सिन या दुधाच्या राज्यातल्या गाई बारा महिने दूध देतात, त्यामुळे गोठ्यांना तो मिळत नाही. तिथे पहाटेची धार कोण काढतो, हे भिंतीच्या सभेत विचारू नये.