दुकान कोल्हापूरचं, तक्रार आपल्या जिल्ह्यात
कोल्हापूरहून आणलेला इन्व्हर्टर पहिल्याच पावसात बंद पडला नि दुकानदार फोन उचलेना, तर घाट चढून भांडायला जाऊ नका. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला, तक्रार करता येते.

१. दुकानदाराला १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपा.
२. उत्तर नाही आलं, तर बिल, वॉरंटी कार्ड, नोटिशीची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून तक्रार द्या. ‘ई-जागृती’ या सरकारी ग्राहक-तक्रार पोर्टलवर घरबसल्याही भरता येते.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकीलही सक्तीचा नाही. हा फार मोठा आधार आहे.

बिलाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढा. माझं बिल कपाटातच पुसट होऊन कोरं झालं होतं. आणि तक्रारीची मुदत २ वर्षं.