ड्राइव्हवेचे पापुद्रे निघतायत? बर्फ पडण्याआधी या चुका टाळा

मिशिगनमध्ये घर घेतलं त्या वर्षी सप्टेंबरात आम्ही ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची काँक्रीटची वाट, नवा करून घेतला. हिवाळाभर कोणी घसरून पडू नये म्हणून मी त्यावर मनापासून मीठ टाकलं. एप्रिलमध्ये बर्फ गेला आणि गॅरेजच्या दारापुढे परातीएवढा भाग सोललेला दिसला. वरचा सिमेंटचा थर नखाने उचकटत होता आणि खालची खडी उघडी पडली होती. नवीन घर घेतलेली मराठी मंडळी दर हिवाळ्यात हाच प्रश्न विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

काँक्रीट नुसत्या थंडीने फुटत नाही. फुटतं ते आत मुरलेल्या पाण्याने. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. आत जागा नसेल तर ते वरचा थर उचलतं. म्हणून सलग कडाक्याच्या आठवड्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमधले दिवसा वितळणारे आणि रात्री पुन्हा गोठणारे दिवस जास्त घातक. थंड प्रदेशातल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम ५ ते ८ टक्के हवेचे सूक्ष्म बुडबुडे ठेवतात, ते फुगणाऱ्या पाण्याला जागा मिळावी म्हणून. नवीन काम करून घेताना हे आधी विचारा. आणि पृष्ठभाग गुळगुळीत करताना कारागीर वरून पाणी शिंपडत असेल तर तिथेच थांबवा. त्याने नेमका वरचा थर कच्चा राहतो.

पहिल्याच हिवाळ्यात मीठ

माझी चूक हीच. पहिल्या हिवाळ्यात नव्या काँक्रीटवर मीठ टाकूच नका. बर्फ वेळेवर ओढून काढा आणि पायाला पकड मिळावी म्हणून वाळू पसरा. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही.

पुढच्या वर्षांतही पिशवीवरची अक्षरं वाचा. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असेल तर ती पिशवी परत ठेवा, हे क्षार काँक्रीटवर थेट रासायनिक हल्ला करतात. बागेचं उरलेलं खत बर्फावर टाकणारे लोक मी पाहिलेत, त्या खतात बऱ्याचदा हेच असतं. साधं मीठ साधारण उणे ९ अंश सेल्सियसपर्यंतच नीट काम करतं. उणे १५ ला बर्फ हलत नाही म्हणून आपण आणखी दोन डबे ओततो, आणि ऊन पडलं की ते सगळं खारं पाणी काँक्रीट पिऊन टाकतं. इतक्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड चालतं, तेही मूठभर. बर्फ सुटला की लगेच ओढून टाका. ‘काँक्रीटला सुरक्षित’ असं छापलंय म्हणून हात सैल सोडू नका.

भेगेत सिमेंट भरणं

आपल्याकडे भेग दिसली की सिमेंट-वाळूचा माल कालवायचा आणि थापीने दाबून बसवायचा, हे लहानपणापासून पाहिलेलं. इथे ते टिकत नाही. इथला स्लॅब उन्हाळ्यात पसरतो, हिवाळ्यात आकसतो, भेग उघडते-मिटते. कडक माल एका बाजूने सुटतो आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी खाली जाऊन बसतं.

भेगेत भरायचं ते ताणलं जाणारं हवं. आधी माती, गवताची मुळं, सुटलेले कण काढून भेग पूर्ण कोरडी करा. बोटभर रुंद भेग असेल तर तिच्यापेक्षा किंचित जाड फोमची दोरी आत दाबा आणि वर पाव-अर्धा इंच जागा सोडा. मग काँक्रीटसाठीचा पॉलियुरेथेन सीलंट भरा. दोरीमुळे सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटतो, तळाला नाही, त्यामुळे भेग उघडली तरी तो फाटत नाही. अगदी बारीक भेगेला दोरी लागत नाही.

चुकीचा सीलर, चुकीचा दिवस

सीलर म्हणजे काँक्रीटवर लावायचा, पाणी अडवणारा द्रव. तो लागतो की नाही, ते वाटीभर पाणी ओतून पाहा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर या वर्षी गरज नाही. काही मिनिटांत काँक्रीट काळपट पडलं तर आहे.

दुकानात चमकदार ॲक्रिलिक सीलर समोरच मांडलेला असतो. पायऱ्यांवर तो ओला झाला की निसरडा होतो. घ्यायचा तो सिलेन-सिलॉक्सेनचा, आत मुरणारा. तो दिसत नाही, पाणी शोषू देत नाही आणि आतली वाफ बाहेर सोडतो. काँक्रीट किमान २८ दिवसांचं हवं. धुतल्यावर निदान एक पूर्ण कोरडा दिवस जाऊ द्या आणि तापमान १० अंशांच्या वर असताना लावा, रात्रीचा अंदाजही बघा. आमच्याकडे हे काम दसऱ्याच्या आसपास उरकावं लागतं. दिवाळीपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

धुताना ॲसिड वापरू नका. प्रेशर वॉशरची टोकदार धार एकाच जागी धरली तर काँक्रीटवर कायमची रेघ उमटते, रुंद फवारा ठेवा.

पाणी कुठून येतंय ते न पाहणं

हे सगळं करूनही छताच्या पन्हळीचा पाइप ड्राइव्हवेवरच सांडत असेल तर मेहनत वाया गेली. पाइपाला जोड लावून पाणी हिरवळीवर न्या. पानगळ संपली की पन्हळ पुन्हा एकदा साफ करा. गाडीच्या चाकांतून गळणारा खारट चिखलही त्याच जातीचा. आमचा सोललेला भाग नेमका हा चिखल साचायचा तिथेच होता. आता संध्याकाळी गाडी लावली की मी तो रबराच्या खराट्याने बाजूला ओढतो. फावडं प्लास्टिकच्या धारेचं ठेवा, आणि चिकटलेला बर्फ पहारीने फोडू नका.

आधीच सोललं असेल तर

हातोडीने आजूबाजूला हलकं ठोका. पोकळ आवाज येईल तिथपर्यंतचा थर सुटलाय, तो सगळा काढावा लागेल. पण दुरुस्तीचा माल नोव्हेंबरात लावू नका, थंडीत तो नीट धरत नाही. आता सुटलेले कण झाडून, कोरड्या दिवशी आत मुरणारा सीलर लावा आणि हिवाळाभर तिथे फक्त वाळू वापरा. पॉलिमरयुक्त दुरुस्तीचा थर मे महिन्यात द्या.