हिचकॉकची वेडं रंगमंचावर आणताना

थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याच्यावर नाटक बसवायचं ठरवलंत, तर त्याच्यासारखा गोल पोटाचा, ओठ लोंबवणारा नट शोधत बसू नका. नक्कल जमली की प्रेक्षक हसतो आणि हसला की सुटतो. मी या भूमिकेला शिडशिडीत नट घेते; त्याची नजर जमली पाहिजे, बस.

त्याच्या 'द बर्ड्स' (१९६३) या चित्रपटाच्या चित्रीकरणात नायिका टिपी हेड्रनच्या अंगावर अनेक दिवस जिवंत पक्षी फेकले गेले. या प्रसंगात पक्षी दाखवूच नका. एक खुर्ची, पंखांची फडफड आणि अंधारातून, दर वेळी त्याच सुरात, "पुन्हा घेऊ." सातव्या-आठव्या वेळी प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते. तिथे थांबायचं नाही, आणखी दोनदा घ्यायचं.

अभिनेत्रीबरोबरचा प्रत्येक स्पर्श मात्र आधी ठरवून लिहून ठेवा. तिने हात वर केला की तालीम बंद. छळावरचं नाटक छळूनच बसवणारे दिग्दर्शक माझ्या डोक्यात जातात. हेड्रनने २०१६ साली आत्मचरित्रात हिचकॉकने केलेल्या छळाबद्दल जे सांगितलं आणि जे तुम्ही रचलंत, ते प्रयोगाच्या पत्रकात वेगवेगळं छापा.

रक्ताचं म्हणाल, तर हिचकॉकच्या 'सायको'त रक्त म्हणून चॉकलेट सिरप होतं. चित्रपट कृष्णधवल होता म्हणून खपलं. रंगमंचावरच्या दिव्यांखाली ते सिरपच दिसेल.