पॉर्फिरिन बनवताना या चुका टाळा

फोटोडायनॅमिक थेरपीत, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने कॅन्सरवर उपचार करताना, औषध गाठीत साचतं, त्यावर लाल प्रकाश टाकला की तिथल्याच ऑक्सिजनपासून सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं अतिशय क्रियाशील रूप) तयार होतो आणि पेशी मरतात. हीम आणि हरितद्रव्याच्या सांगाड्यावर बेतलेली पॉर्फिरिनं हे काम चोख करतात. लॅबमध्ये सुरुवात बहुधा टेट्राफेनिलपॉर्फिरिनपासून, म्हणजे टीपीपीपासून होते. गडबडही तिथूनच.

टीपीपीचा कच्चा माल असलेला पायरोल तपकिरी झाला असेल तर तसाच वापरू नका, ताजा डिस्टिल करून घ्या. टीपीपी बनवण्याच्या ॲडलर-लाँगो पद्धतीत (1967) प्रोपिऑनिक ॲसिडमध्ये अर्धा तास रिफ्लक्स केल्यावर (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणत उकळल्यावर) फ्लास्कमध्ये डांबरासारखं काहीतरी दिसतं. ते फेकू नका! थंड करून गाळा, मिथेनॉलने धुवा. जांभळे स्फटिक खाली उरतात. वीस टक्के यील्ड म्हणजे छानच. दुसऱ्या, लिंडसे पद्धतीत (1987) मोह होतो तो सॉल्व्हंट वाचवण्याचा. तिथे सांद्रता मुद्दाम 0.01 मोलरच्या आसपास ठेवतात. घट्ट द्रावणात वलय बंद होण्याऐवजी लांब साखळ्या वाढत जातात.

आता स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख. घाईत सगळे 418 नॅनोमीटरचा उंच सोरे पीक (पॉर्फिरिनचं सगळ्यात मोठं शिखर) बघून खूश होतात. खरी माहिती पलीकडच्या चार बुटक्या पट्ट्यांत असते: साधारण 515, 550, 590 आणि 647. त्यांची उंची क्रमाने उतरत जायला हवी. शेवटचा 590 वाल्याच्या वर गेला, तर क्लोरिन मिसळलंय (वायू नव्हे, पॉर्फिरिनचा हायड्रोजन वाढलेला भाऊ); डीडीक्यूने (जादा हायड्रोजन काढून घेणारं रसायन) ऑक्सिडाइझ करा. गंमत म्हणजे टेमोपोर्फिन हे औषध स्वतःच क्लोरिन आहे आणि 652 ला ते जोरात शोषतं म्हणूनच कामाचं.

द्रावण हिरवं पडलं तर आधी क्लोरोफॉर्मवर संशय घ्या. त्यातल्या आम्लाने पॉर्फिरिन प्रोटोनेट होतं. ट्रायएथिलअमाइनचा थेंब टाकला की रंग परततो. चारऐवजी दोनच पट्टे दिसले आणि आम्लही नसेल, तर वलयात धातू शिरलाय. जस्त चालतं, तांबं चालत नाही: उत्तेजित अवस्था इतक्या झटपट विझते की सिंगलेट ऑक्सिजन जवळपास मिळतच नाही.

सिंगलेट ऑक्सिजन मोजताना डीपीबीएफ (त्याच्याशी प्रक्रिया होऊन फिकं पडणारं रंगद्रव्य) वापरत असाल, तर निळा प्रकाश टाळा. हे रंगद्रव्य स्वतःच 410 च्या आसपास शोषतं आणि थेट प्रकाशानेही उडतं. 500 च्या पुढचाच प्रकाश सोडणारं फिल्टर लावा, शिवाय पॉर्फिरिनविना एक नमुना त्याच दिव्याखाली ठेवा.

पेशींवर जाताना टीपीपी पाण्यात गुठळ्या करतं. सोरे पीक रुंद आणि बसका झाला की समजा. मग आकडे जुळत नाहीत म्हणून रेणूला दोष देण्यात अर्थ नाही, फॉर्म्युलेशन (औषध पाण्यात विरघळवून देण्याची मिश्रणपद्धत) बदला. आणि अंधारातला कंट्रोल (प्रकाश न दिलेला तुलनेचा नमुना) खरोखर अंधारात ठेवा: प्लेटला फॉइल, हूडचा दिवा बंद.