काटा चुकतोय? पाना उचलण्याआधी

वैमानिक ‘एअरस्पीड गंडलाय’, म्हणजे विमानाचा वेगाचा काटा चुकतोय, एवढंच सांगून निघायला लागला, तर त्याला आधी थांबवा. धावताना चुकला की चढताना, बाकीचे काटे ठीक होते का, पिटॉट हीट (समोरून येणारी हवा घेणाऱ्या पिटॉट नळीचा हीटर) चालू होती का, विमान रात्री पावसात उभं होतं का, हे सगळं वहीत उतरवून घ्या.

मग दोष कुठल्या घरातला ते ठरवा. अल्टिमीटर (उंचीचा काटा) जागचा हलत नाही आणि व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा काटा) शून्यावर, तर स्टॅटिक (बाहेरच्या हवेचा दाब काट्यांपर्यंत आणणारी वाट) तुंबलंय. एअरस्पीड एकटाच मेलाय, तर पिटॉट. जुन्या विमानात कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारं) आणि हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारा) दोन्ही व्हॅक्यूमवर, म्हणजे ओढलेल्या हवेवर, चालतात. दोन्ही एकदम मंदावले तर आधी सक्शन गेज (ती ओढ मोजणारा काटा) आणि फिल्टर बघा. इंधनाचा आणि तेलाचा काटा एकत्रच नाचत असतील, तर मल्टिमीटर काढा आणि अर्थिंग तपासा. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात अर्थिंगच्या टोकांवर हिरवी पूड धरते. नवा गेज मागवून पैसे घालवण्याआधी ती टोकं घासून बघा.

अल्टिमीटर उघडण्याआधी क्यूएनएच, म्हणजे त्यात लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब, तपासा. पावसाळ्यात इथला दाब 1013 हेक्टोपास्कलच्या चांगलाच खाली असतो आणि एका हेक्टोपास्कलमागे साधारण 30 फुटांचा फरक पडतो. आदल्या माणसाने अल्टिमीटरच्या दाबाच्या खिडकीत 1013 च ठेवला असेल, तर यंत्र बिचारं निर्दोष.

टॉर्च, त्याच मॉडेलचं मॅन्युअल, पिटॉट-स्टॅटिक टेस्टर, नव्या ओ-रिंग (जोडणीतल्या रबरी कड्या), उघड्या नळ्यांना टोप्या, एवढं हाताशी हवं. पिटॉटच्या भोकात उजेड टाकून बघा. कव्हर न घातलेलं पिटॉट म्हणजे कुंभारीण माशीला आयतं घर. फेब्रुवारी 1996 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ बोइंग 757 कोसळलं, त्यामागे बहुधा असंच घरटं होतं. माती सुकी असेल तर तारेने आत ढकलू नका. उपकरणांच्या मागची जोडणी सोडवा आणि हवा त्या टोकाकडून बाहेर मारा. जोडणी तशीच ठेवून तोंडानेसुद्धा फुंकायचं नाही. एअरस्पीडची आतली डबी नाजूक असते.

विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर (स्टॅटिकच्या बाहेरच्या भोकावर) टेप लावायची तर भडक रंगाची, लोंबती शेपटी सोडून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरूजवळ दुसरं 757 पडलं, ते धुतल्यानंतर तशीच राहिलेल्या टेपमुळे. टेप लावली की लगेच वहीत नोंद करा, आणि काढल्यावर सही दुसऱ्याची घ्या.