जुनी तिजोरी, हरवलेला आकडा: या चुका टाळा

माझ्यापर्यंत पोचणारी जुनी तिजोरी बहुतेक वेळा आधी कुणीतरी 'बघून' गेलेली असते. डायलच्या कडेवर पकडीचे दात उमटलेले, हँडल वाकलेलं, दाराच्या फटीत पेचकसाचं तुटलेलं टोक. मूळ कुलपापेक्षा ही मेहनत निस्तरायलाच मला जास्त वेळ लागतो. तिजोरी तुमची आहे, वारशाने आली आहे किंवा रीतसर विकत घेतली आहे, असं धरून पुढचं लिहितोय. तसं नसेल तर पुढे वाचू नका.

पहिली चूक ऐकून लोक हसतात, पण करतात तेच: तिजोरी खरोखर बंद आहे का, हेच बघत नाहीत. वर्षानुवर्षं न हललेलं हँडल गंजून बसतं आणि मग दार 'लॉक' वाटतं. हँडल दोन्ही बाजूंना हलवून बघा, दार आत दाबून मग ओढून बघा. डायलबरोबर किल्लीचं भोकही असेल तर अडकलंय नेमकं कुठे, ते आधी ठरवा. तिजोरी तिरकी उभी असेल तर पाचर लावून सरळ करा, कारण दार लोंबलं की अडसर घासतात.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार. आकडा हातात असतो, पण तो फिरवायचा कसा ते माहीत नसतं, आणि दोनदा जमलं नाही की लोक म्हणतात, 'आकडा चुकीचा आहे.' डायलमागे कुलपात खाच असलेल्या गोल चकत्या असतात, प्रत्येक आकड्याला एक. तीन चकत्यांच्या कुलपाची नेहमीची पद्धत अशी: डावीकडे फिरवत पहिला आकडा चौथ्यांदा डायलच्या वरच्या खुणेखाली आणायचा, उजवीकडे दुसरा तिसऱ्यांदा, डावीकडे तिसरा दुसऱ्यांदा, आणि मग उजवीकडे हळूहळू, डायल अडेपर्यंत. डावीकडे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. 'चौथ्यांदा' म्हणजे तो आकडा खुणेखालून चौथ्या वेळी येतो तेव्हा थांबायचं, चार पूर्ण फेऱ्या मारून पुन्हा आकडा गाठायचा नाही. पहिल्या आकड्याला एखादी फेरी जास्त झाली तर बिघडत नाही. दुसऱ्याला झाली तर पहिली चकती जागेवरून हलते आणि सगळं वाया जातं.

आकडा अर्ध्या रेघेने पुढे गेला म्हणून हळूच मागे घेणारे तर खूपच. डायल मागे येतो, चकती येत नाही. ती पुढे गेलेल्या जागीच राहते. ओलांडला की पहिल्यापासून सुरू करायचं, दुसरा इलाज नाही. काही जुनी कुलपं उजवीकडून सुरू होतात, तेव्हा उलट क्रमही करून बघा. चार चकत्या असतील तर पाच, चार, तीन, दोन असं मोजायचं.

चकत्या किती आहेत ते बोटांना कळतं. डायल डावीकडे पाच-सहा वेळा फिरवून शून्यावर थांबवा. आता उजवीकडे अगदी सावकाश फिरवा. शून्याच्या आसपास पहिली चकती पकडली जाते, तेव्हा एक बारीकसा धक्का लागतो आणि डायल किंचित जड होतो. पुढच्या फेरीत जवळपास त्याच जागी दुसरा धक्का, मग तिसरा. त्यानंतर जडपणा वाढत नाही. जेवढे धक्के तेवढ्या चकत्या. हे न करता थेट आकडे फिरवायला बसणाऱ्या माणसाशी मी फोनवर फार वेळ बोलत नाही.

एका गृहस्थांकडे वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. तीन स्वच्छ आकडे. तीन आठवडे रोज संध्याकाळी ते फिरवत बसले, मग चिठ्ठी फेकायला निघाले. तिजोरी जरा अलीकडची होती, आकडा बदलण्याची किल्ली लागते तशी. अशा कुलपाच्या डायलभोवती दोन खुणा असतात. वरची, मधोमध असलेली उघडण्यासाठी. तिच्या डावीकडची, जराशी बाजूला असलेली, फक्त आकडा बदलताना वापरायची. कधीकाळी आकडा बदलणाऱ्याने बाजूच्या खुणेऐवजी वरची खूण धरली होती. त्यामुळे लिहिलेला आकडा आणि चकत्यांवर बसलेला आकडा यांत दोन खुणांमधल्या अंतराएवढा फरक पडला. ते अंतर मी डायलवर मोजलं, तिन्ही आकड्यांत मिळवून बघितलं, मग वजा करून. दुसऱ्या खेपेला दार उघडलं. चिठ्ठी खरी होती. म्हणून सांगतो, चिठ्ठी मिळाली असेल तर तिच्यावर सगळ्यात शेवटी संशय घ्या.

चिठ्ठी नसेल तर आधी कागद शोधा, मग कुलूप. ड्रॉवरचा तळ, फोटोच्या चौकटीमागची बाजू, जुन्या डायऱ्यांची शेवटची पानं, जन्मतारखा, लग्नाच्या तारखा. आणि कारखान्यातून आलेला आकडा कुणी बदललाच नसेल, ही शक्यताही सोडू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अ‍ॅलामॉसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेत, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या कुलूपवाल्याने एका अधिकाऱ्याची मोठी तिजोरी उघडली, तेव्हा मोठी विद्या कळेल म्हणून ते त्याच्याकडे गेले. त्याने काय केलं होतं? कारखान्याचे नेहमीचे दोन आकडे लावून बघितले होते, २५-०-२५ आणि ५०-२५-५०. दुसऱ्या आकड्याने ती उघडली. फाइनमन यांनी स्वतः एक कपाट २७-१८-२८ ने उघडलं होतं, कारण कपाट शास्त्रज्ञाचं होतं आणि गणितातल्या ई या स्थिरांकाचे सुरुवातीचे अंक तेच आहेत. कुलपाआधी कुलपाच्या मालकाचा विचार करा, एवढंच मी यातून घेतलं.

सगळे आकडे एकेक करून लावण्याचा विचार मनात आला असेल तर हिशोब करा. शंभर आकडे, तीन चकत्या, म्हणजे १० लाख जोड्या. जुन्या कुलपात एखाद्या आकड्याची ढिलाई चालते, म्हणून दर तिसरा आकडा धरला तरी सुमारे ३६,००० उरतात. एकाला २० सेकंद धरले तर २०० तास. आणि ढिलाई तेवढी नसेल तर हे २०० तास पाण्यात. स्टेथोस्कोपचंही तसंच, तो सिनेमात शोभतो. खरं काम बोटांनी आणि डोळ्यांनी होतं: आतल्या खटक्याचं टोक डायलबरोबर फिरणाऱ्या चकतीच्या खाचेच्या दोन कडांना टेकतं, त्या दोन जागा डायलवर पाव रेघेपर्यंत वाचायच्या, कागदावर नोंदवायच्या, आणि नोंदींमधला बारीक बदल शोधायचा. यात तास जातात. पहिल्याच तिजोरीवर हे जमेल असं कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

डायलच्या फटीत तेलाचा स्प्रे मारू नका. आतलं जुनं ग्रीस पातळ होऊन चकत्यांच्या मध्ये पसरतं आणि एक चकती फिरली की शेजारची चिकटून फिरते. मग खरा आकडाही लागत नाही. माझी सवय साधी आहे: डायल दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस वेळा सावकाश फिरवायचा, थोडं थांबायचं, पुन्हा फिरवायचा. सुकलेलं ग्रीस बहुधा तेवढ्याने सुटतं.

आकडा फिरवताना दुसऱ्या हाताने हँडल दाबून धरू नका. अडसरांचा दाब कुलपाच्या जिभेवर येतो आणि ती मागे सरकत नाही. शेवटच्या टप्प्यात हँडल उलट, बंद करण्याच्या दिशेला जरासं ढकला आणि गुडघ्याने दार आत दाबा.

बिजागऱ्या कापू नका. अडसर त्या बाजूलाही असतात किंवा दाराची एक पट्टी चौकटीत अडकलेली असते, त्यामुळे दार तसंच राहतं. पुढे कधी उघडलं तर ते पेलायला बिजागरी नसते आणि ते पायावर येतं.

हातोड्याबद्दल मात्र सविस्तर सांगावं लागेल. एकदा फोन आला, 'डायल काढून झालाय, आता फक्त आत ढकलायचंय, कुठे मारू?' मी म्हणालो, मारू नका. ते म्हणाले, 'मारून झालंय.' डायलचा दांडा आत ठोकला की तो कुलपाच्या मागच्या झाकणावर आदळतो. कारखानदाराला हे ठाऊक असतं. अनेक तिजोऱ्यांत एक स्प्रिंग त्या झाकणाच्या आधारावर रोखून ठेवलेली असते. झाकण निखळलं की स्प्रिंग सुटते आणि वेगळाच एक अडसर कायमचा बसतो. याला रिलॉकर म्हणतात. काही तिजोऱ्यांत काचेची पट्टी असते, ड्रिल तिथे लागलं की ती फुटते आणि तेच होतं. दोन दिवसांनी त्यांच्या आत्याने एक वही आणून दिली. आकडा त्यात होता, बरोबर होता. पण तो लावायला डायल नव्हता, आणि असता तरी रिलॉकरला आकड्याशी देणंघेणं नसतं. बाजूने भोक पाडून तो अडसर मागे घ्यायला मला पूर्ण दोन दिवस लागले. आत काय निघालं ते मी कधीच सांगत नाही.

ठोकाठोकीत आणखी एक धोका आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेत काही तिजोऱ्यांच्या दारात क्लोरोपिक्रिन भरलेल्या काचेच्या नळ्या बसवत. हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी पदार्थ. दारावर घाव बसला की नळी फुटायची आणि चोराला पळावं लागायचं. अशा नळ्या आजही सापडतात. शिवाय काही जुन्या तिजोऱ्यांच्या भिंतींत आगीपासून बचावासाठी अ‍ॅस्बेस्टॉस भरलेलं असतं आणि ग्राइंडर लावला की त्याची धूळ थेट छातीत जाते. दार उघडल्यावर आतल्या बाजूला पत्र्याच्या डबीत काचेची नळी दिसली तर हात लावू नका, खोलीतून बाहेर पडा आणि जाणकाराला बोलवा.

शेवटची चूक माझी स्वतःची. सुरुवातीच्या काळात सकाळभर बसून एक तिजोरी उघडली. मालक खूश, मी त्याहून खूश. दार किती सुरेख बसतं ते दाखवायला मी ते लावलं, हँडल फिरवलं आणि सवयीने डायलही गरकन फिरवला. सापडलेला आकडा कुठे लिहिला नव्हता. दुपारी दोनला उघडलेली ती तिजोरी मी रात्री साडेनऊला दुसऱ्यांदा उघडली. तेव्हापासून दार उघडलं की आधी चौकटीत लाकडाचा ठोकळा अडकवतो, आकडा लिहितो, दार उघडं ठेवूनच अडसर बाहेर काढून तो आकडा तीन वेळा लावून बघतो. ठोकळा त्यानंतरच निघतो.