गाडीच्या आतले फोटो: फ्लॅश घेण्याआधी छत बघा

दुकानात फ्लॅश घ्यायला गेलं की काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "पॉवर किती हवी?" लग्नाच्या हॉलसाठी तो प्रश्न योग्य आहे. गाडीच्या आतल्या फोटोंसाठी तो सगळ्यात शेवटी विचारायचा. मी पुण्यात जुन्या गाड्या विकणाऱ्यांसाठी फोटो काढतो, आणि गाडीच्या आत फ्लॅशची ताकद कमी पडली असं क्वचितच झालंय. कमी पडते ती जागा. आणि छळतात ती चकाकणारी प्लास्टिकं.

म्हणून फ्लॅशची निवड दुकानात नाही, गाडीत बसून सुरू करा.

पायरी १: मागच्या सीटवर मधोमध बसा

मुख्य फोटो बहुतेक वेळा इथूनच निघतो: दोन पुढच्या सीटांच्या मधून दिसणारा डॅशबोर्ड. कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि आधी मान वर करून छत बघा. बेज इंटिरिअरच्या गाडीत छतावर मारलेला फ्लॅश खाली येताना पिवळसर होऊन येतो. काळ्या छताच्या गाडीत तो खाली येतच नाही म्हणा ना. राखाडी किंवा पांढरट छत मिळालं तर तुमचं निम्मं काम झालं. एकच छोटा फ्लॅश वर तोंड करून ठेवला तरी चालून जातं.

मग चकाकणाऱ्या जागा बघा: टचस्क्रीन, मीटरची काच, गिअरभोवतीचं पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळं, प्लास्टिक. या सगळ्यांची तोंडं तुमच्याकडेच असतात. म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूने जे काही उजळ असेल, ते त्यांच्यात दिसणार. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश इथेच बाद होतो. तुम्ही स्वतःही त्यात दिसता, तेव्हा काळा शर्ट घाला. एका फोटोत टचस्क्रीनवर माझा चौकडीचा शर्ट इतका स्वच्छ आला होता की गिऱ्हाइकाने बटणं मोजली असती.

पायरी २: ताकदीचा हिशोब एकदाच करा

फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर (फ्लॅश किती लांब पोचतो ते काढायचा आकडा) ६० असं ठळक छापलेलं असतं. तो बहुधा २०० मिमी झूमवरचा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० चा आकडा असतो. गाडीत आपण फ्लॅश पसरट, म्हणजे २४-२८ मिमीवर ठेवतो. तिथे तो निम्म्याच्या आसपास उतरतो, २८ धरू. आयएसओ ४०० केलं की दुप्पट, ५६. आता एफ/८ ने, म्हणजे लेन्सच्या अॅपर्चरच्या आकड्याने, भागा: ७ मीटर. पूर्ण ताकदीवर हा फ्लॅश सात मीटरपर्यंत पोचतो, आणि आपला डॅशबोर्ड आहे जेमतेम एका मीटरवर. अंतराचा वर्ग धरला तर एक-पन्नासांश ताकद पुरते. फ्लॅशवर ते १/६४ किंवा १/३२ असं दिसेल. छतावरून उडवलेला उजेड तीनेक स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) असं धरलं तरी १/४ च्या पुढे जावं लागत नाही.

थोडक्यात, आत ठेवायच्या फ्लॅशसाठी जास्त पैसे घालू नका. साधा मॅन्युअल फ्लॅश घ्या, शक्यतो दोन पेन्सिल सेलवर चालणारा बुटका. तो कपहोल्डरमध्ये बसतो, पुढच्या सीटच्या मागे लपतो. टीटीएल, म्हणजे ताकद आपोआप ठरवायची सोय, नसलं तरी काही बिघडत नाही. इथे काही पळत नाही, एकदा जमवलं की जमलं.

ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणारं यंत्र, मात्र रेडिओचा घ्या. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटणारा स्लेव्ह मोड गाडीत दगा देतो, कारण मध्ये सीटची पाठ येते. आणि फ्लॅश ट्रिगरच्या फार जवळ असला तरी कधीकधी पेटत नाही. गोडॉक्स कंपनीच्या ट्रिगरमध्ये त्यासाठी ०-३० मीटर अशी वेगळी सेटिंग आहे. ती शोधून ठेवा, नाहीतर नवा फ्लॅश बिघडला म्हणून परत दुकानात जाल.

पायरी ३: मोठा दिवा गाडीबाहेर

खरा उजेड समोरच्या काचेतून आला पाहिजे. काचेवर बाहेरून पांढरं, पातळ सुती कापड घाला. धोतराचं पान उत्तम, फक्त नीळ घातलेलं नको. निळसर झाक आली की ती काढता काढता जीव जातो. कापडाची खालची कड वायपरखाली दाबा, वरची दोन्ही टोकं पुढच्या दारांत चिमटवा. बॉनेटच्या पुढे स्टँडवर फ्लॅश लावा, काचेपासून मीटर-दीड मीटरवर, कापडभर उजेड पसरेल असा.

एवढ्याने अख्खी विंडशील्ड हाच तुमचा सॉफ्टबॉक्स होतो. फोटोत काच शुभ्र येते आणि समोरची कचराकुंडी, टपरी, कुणाची तरी उभी स्कूटर, सगळं गायब. उजेड समोरून येत असल्याने मागे तोंड केलेल्या स्क्रीनमध्ये तो दिसत नाही. डॅशबोर्डच्या वरच्या भागावर तेवढी मऊ चमक येते आणि प्लास्टिकचा पोत कळतो. पण विकणाऱ्याने सकाळीच डॅशबोर्डला तेलकट पॉलिश फासलं असेल तर ती मऊ चमक नुसता पांढरा पट्टा होते. आदल्या दिवशीच फोन करून सांगा: धुवा, पुसा, पण पॉलिश नको.

या बाहेरच्या फ्लॅशला ताकद लागते, कारण कापड आणि काच दोन्ही उजेड खातात. जास्तीचे पैसे इथे घाला: २०० वॉट-सेकंदांच्या आसपासचा, बॅटरीवर चालणारा. साधा सेलवरचा फ्लॅश इथे पूर्ण ताकदीवर चालवावा लागतो, दर शॉटनंतर थांबायला लावतो आणि चाळीसेक फोटोंत तापतो.

बाजूच्या बंद काचेतून फ्लॅश मारू नका. नियमाप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड पार व्हावा लागतो. म्हणजे बाजूची काच एक अख्खा स्टॉप गिळू शकते, शिवाय हिरवट झाक देते ती वेगळीच. काच खाली घ्या किंवा दार उघडा.

पायरी ४: गणपतीचा चेहरा बघा

आता समोरून उजेड आहे, पण सीटच्या आपल्याकडच्या पाठी आणि डॅशबोर्डची आपल्याकडची बाजू काळवंडलेली आहे. इथे आतला छोटा फ्लॅश लागतो. तो किती लावायचा, हे मला एका जुन्या स्विफ्टमधल्या गणपतीने शिकवलं.

डॅशबोर्डवर चिकटवलेली दोन इंचांची मूर्ती होती. मालक म्हणाले, "काढू नका हं, तो गाडीबरोबरच जाणार." पहिल्यांदा मी फ्लॅश पुढच्या दोन सीटांमध्ये, खाली, वर तोंड करून ठेवला. मूर्तीच्या मागे काचेवरच्या कापडावर सोंडेसकट भली मोठी सावली उभी राहिली. फ्लॅश बंद केला तर मूर्तीची नुसती काळी आकृती. शेवटी काचेवरचे दोन्ही सन व्हायझर खाली पाडले, त्यांवर पांढरे कागद टेपने लावले, फ्लॅश पुढच्या सीटच्या पाठीआड ठेवून त्याचं तोंड त्या कागदांकडे केलं, आणि १/३२ वरून चढत गेलो. १/१६ ला मूर्तीचे डोळे दिसले, कानामागची सावलीही राहिली. तिथेच थांबलो.

तेव्हापासून गाडीत मूर्ती असेल तर मी तिच्याकडे बघूनच फिल, म्हणजे सावली भरून काढणारा आतला फ्लॅश, लावतो. नसेल तर पाण्याच्या बाटलीचं झाकण डॅशबोर्डवर ठेवतो आणि नंतर उचलतो. मूर्तीचा कॅमेऱ्याकडचा चेहरा ओळखू आला की पुरे. सपाट, पासपोर्ट फोटोसारखा दिसायला लागला की एक स्टॉप उतरा.

बेज छतासाठीही हीच युक्ती कामाला येते. छतावर बाउन्स करायचंच असेल तर थर्मोकोलचा पातळ तुकडा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, छताला टेकवून धरा. उजेड पांढराच खाली येतो.

पायरी ५: तीन रांगांची गाडी

अर्टिगासारख्या गाडीत सगळ्या सीट एकाच फोटोत हव्या असतात, आणि इथे अंतर फसवतं. दिवा डॅशबोर्डवर ठेवला आणि पुढची सीट त्यापासून अर्ध्या मीटरवर, मधली दीडवर, शेवटची अडीचवर असेल, तर मधल्या सीटला पुढचीच्या एक-नवमांश उजेड मिळतो आणि शेवटच्या सीटला एक-पंचविसांश. ताकद वाढवून उपयोग नाही, पुढची सीट फक्त आणखी पांढरी पडेल. दुसरा दिवा मागून द्या: डिकी उघडा, तिथेही कापड धरा, त्यामागे फ्लॅश. कॅमेरा मधल्या दारात. बाहेरचा स्टँड कापडापासून आणखी लांब नेला तर फरक पडेल असं वाटतं, पण कापड लावल्यावर कापड हाच दिवा होतो आणि अंतर तिथूनच मोजायचं.

पायरी ६: कॅमेऱ्याची सेटिंग

ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ ४००, शटर १/३० सेकंदापासून सुरू. फ्लॅशचा उजेड अॅपर्चर ठरवतं, स्क्रीनचा उजेड शटर. म्हणून फ्लॅश एकदा जमला की त्याला हात न लावता, स्क्रीन वाचता येईपर्यंत शटरच बदला. शटर फार वेगवान केलं तर काही स्क्रीनवर पट्टे येतात. शंका असेल तर फ्लॅशशिवाय एक फोटो फक्त स्क्रीनसाठी काढा आणि नंतर जोडा. छतातला दिवा बंद ठेवा; पिवळा बल्ब असेल तर फ्लॅशच्या ५६०० केल्विनशी त्याचं जमत नाही.

लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी. जागा नसेल तर १६, पण मग पुढच्या सीटचं डोकं गाढवाएवढं लांब होतं. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) स्क्रीनवरची आणि प्लास्टिकवरची चमक कमी करतो, क्रोमवर काही करत नाही, आणि दीड-दोन स्टॉप घेतो.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी फ्लॅशच्या नादी लागू नये. गाडीचं तोंड उजेडाकडे करा, काचेवर तेच धोतर घाला, आणि सकाळी नऊच्या आत काढा.

निघताना फ्लॅश मोजा. आणि पुढच्या सीटखाली हात घालून बघा. माझा एक ट्रिगर असाच सीटखाली राहिला आणि गाडीबरोबर विकला गेला. नव्या मालकाने तो सर्व्हिसिंगला दाखवला म्हणे, गाडीचा कुठला पार्ट आहे ते विचारायला.